बांधण्याआधी सोडायची वेळ लिही

विश्रामबाग, सांगली

चि. सिस्टर,
अनेक आशीर्वाद.

तुझी चिठ्ठी मिळाली. तुमच्या वृद्धाश्रमातल्या आजी रात्री दोनदा पडल्या, म्हणून त्यांचा मुलगा पुण्याहून फोनवर म्हणतो, ‘रात्री खाटेला बांधून ठेवा, मी सही देतो.’ ट्रस्टीही त्याचीच री ओढतात आणि तू मधे अडकली आहेस. या आजींपुरतं माझं उत्तर ‘बांधू नकोस’ हेच आहे. पण कधीच कुणाला बांधायचं नाही, असंही मी सांगणार नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुझ्याच चिठ्ठीत एक ओळ आहे आणि तिच्यावरून तू घाईनं पुढे गेलीस. आजी दोन्ही वेळा पहाटे तीनच्या सुमाराला, संडासाच्या वाटेवर पडल्या. म्हणजे त्यांना लघवीला जायचं होतं. लघवीची गोळी त्यांना संध्याकाळी दिली जाते का, ते बघ. जात असेल तर ती सकाळी चालेल का, हे डॉक्टरांना विचार. तुझी तू बदलू नकोस. मावशींनी अडीचलाच उठवून नेलं तर तीनला एकटीनं उठायची वेळ येणार नाही. आडवं असताना आणि उभं केल्यावर, असं दोन्ही वेळा बीपी घे. रात्री नऊवारी नको, घोट्याच्या वर राहील असा गाऊन घाल. पायमोजे काढ, फरशीवर ते घसरतात. खाट उंच असेल तर कुपवाडच्या एमआयडीसीतल्या वेल्डरकडून तिचे पाय कापून घे. खाटेशेजारी जमिनीवर गादी टाकायचा सल्ला तुला कुणीतरी देईलच. झोपेत गडगडणाऱ्या माणसाला ती उपयोगी पडते. आजी चालतात, त्या गादीलाच अडखळतील.

बांधल्यानं पडणं थांबतं, हा समज मोठमोठ्या डॉक्टरांचाही असतो. बांधलेल्या माणसाच्या मांड्या काही दिवसांतच लुळ्या पडतात. मग सोडल्यावर तो पहिल्यापेक्षा लवकर पडतो. शिवाय बेडसोअर म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमा, बद्धकोष्ठ, छातीत कफ, आणि गोंधळ आणखी वाढतो. पट्टा बांधलेला माणूस खाली घसरला की पट्टा वर छातीवर, गळ्यावर येतो आणि श्वास कोंडतो. खाटेच्या रेलिंगचंही तेच. दोन्ही बाजूंनी रेलिंग लावलं की भ्रमिष्ट माणूस ते ओलांडायला बघतो आणि जास्त उंचीवरून पडतो. अमेरिकेत 1987 च्या कायद्यानं, शिस्तीसाठी किंवा कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी नर्सिंग होममधल्या माणसांना बांधायला मनाई केली. तिथे पुढे बांधणं खूपच कमी झालं, आणि सोडल्यामुळे गंभीर दुखापती वाढल्या असं काही दिसलं नाही.

आणि बांधणं म्हणजे फक्त साडीची पट्टी नव्हे. व्हीलचेअरचा जो पट्टा आजोबांना स्वतः काढता येत नाही तो, खोलीची बाहेरून लावलेली कडी, आणि रात्रपाळीला शांतता हवी म्हणून दिलेली झोपेची गोळी, हे सगळं मी त्याच रकान्यात धरते. गोळी तर जास्तच वाईट, कारण ती कुणाला दिसत नाही.

एखादा शांत माणूस दोन दिवसांत अचानक बिथरला, रात्रभर ओरडायला लागला, तर आधी आजार शोध. लघवीचं इन्फेक्शन, रक्तातलं सोडियम उतरणं, साखर उतरणं, तुंबलेली लघवी, चार दिवस न झालेला संडास, न सांगता येणारं दुखणं, नवीन सुरू झालेली गोळी. आपल्याकडे उन्हाळ्यात सोडियमचे पेशंट किती येतात, ते तू मिरजेला ट्रेनिंगमध्ये पाहिलंच असशील. अशाला बांधून ठेवलं तर आजार आतच राहतो आणि सकाळी माणूस हाताबाहेर गेलेला असतो.

काहींचं उठणं मात्र आजाराचं नसतं, सवयीचं असतं. तासगावकडचे एक बागायतदार आजोबा होते. रोज रात्री दीडला उठून दाराकडे निघायचे, अडवलं की हात उगारायचे. शेतीची लाईट आठवडा आठवडा रात्रीची असते, आणि त्यांचा सगळा जन्म त्या वेळेला मोटर चालू करण्यात गेलेला. रात्रपाळीचे मामा शेतकऱ्याघरचेच. त्यांनी बॅटरी घेतली, आजोबांना व्हरांड्याच्या टोकापर्यंत नेलं, तिथल्या दिव्याचं बटण त्यांच्याच हातानं दाबून घेतलं. ‘पाणी सुटलं, चला आता.’ आजोबा येऊन झोपले. रोज जमलं असं नाही, पण बहुतेक रात्री जमलं. रोजचा खर्च दहा मिनिटांचा.

आता बांधायचं कधी? माणूस याच क्षणी स्वतःला किंवा दुसऱ्याला मोठी इजा करणार आहे, बाकी सगळं करून झालंय, आणि बांधणं थोड्याच वेळापुरतं आहे, तेव्हा. समज, तापानं भ्रमिष्ट झालेले आजोबा सलाईन उपटताहेत आणि अँब्युलन्स अर्ध्या तासावर आहे. तिथेही आधी कुणीतरी हात धरून बसावं, मग बोटं झाकणारे मऊ हातमोजे, आणि शेवटी मनगट. नाकातली नळी सारखी ओढत असतील तर हात बांधण्याआधी ती नळी अजून हवीच का, हे विचार. पुष्कळदा चमच्यानं सावकाश भरवता येतं.

2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं 97 वं कलम वाचून ठेव. ते मनोरुग्णांच्या संस्थांसाठी आहे, पण मोजपट्टी म्हणून मी तेच वापरते. तात्काळ इजा टाळायचा दुसरा मार्ग नसेल तरच, डॉक्टरांच्या परवानगीनं, लेखी नोंद करून, गरजेपेक्षा एक मिनिटही जास्त नाही. शिक्षा म्हणून नाही. आणि कर्मचारी कमी आहेत एवढ्याच कारणासाठीही नाही. हे शेवटचं ट्रस्टींना मोठ्यानं वाचून दाखव. साखळी तर त्या कायद्यानं कुठल्याही रूपात बंदच केली आहे.

माझा नियम असा: बांधण्याआधी रजिस्टरमध्ये सोडायची वेळ लिहायची. वेळ लिहिता येत नसेल तर बांधायचं नाही. ‘गरज पडल्यास बांधणे’ अशी कायमची ऑर्डर घेऊच नकोस, तिच्या आड सगळे लपतात. एखाद्याला बांधायची गरज दुसऱ्या दिवशीही उरली, तर त्या माणसाची जागा हॉस्पिटलात आहे, आपल्याकडे नाही.

बांधलंच तर मऊ, रुंद पट्टा. नाडा किंवा गॉझ नको. गाठ खाटेच्या सांगाड्याला, रेलिंगला नाही, आणि एका ओढीत सुटणारी. पट्ट्याखाली दोन बोटं गेली पाहिजेत. पालथं कधीच नाही, छातीवर कधीच नाही. दर पंधरा मिनिटांनी बोटांचा रंग, ऊब आणि श्वास बघ. दोन तासांच्या आत सोडून पाणी, लघवी, हातपाय हलवणं झालंच पाहिजे. गाठीबद्दल कुणी हसलं तर 2019 च्या ऑगस्टची आठवण कर. कृष्णेचं पाणी गावात शिरलं तेव्हा माणसं बोटीतून काढावी लागली होती. अंधारात, कमरेएवढ्या पाण्यात कात्री कोण शोधणार?

मुलाशी तूच बोल, पण भांडू नकोस. तो घाबरलाय. आई पडली तर दोष आपल्याला लागेल, असं त्याला वाटतं. त्याला सरळ सांग, ‘आई पुन्हा पडणारच नाहीत अशी हमी मी देत नाही. पडू नयेत म्हणून काय काय करतोय, ते लिहून देते.’ त्याची सही हवीच असेल तर त्या कागदावर घे. त्याची परवानगी म्हणजे डॉक्टरांची ऑर्डर नव्हे, आणि आजी शुद्धीत आहेत, तेव्हा आधी त्यांना विचारायचं. त्यांना कुणी विचारलं का, हे तुझ्या चिठ्ठीत कुठेच नाही.

खरी अडचण मला दिसते ती रात्री एवढ्या खाटांना एकच मावशी असण्याची. दुसरी मावशी मागून घे. मीटिंगला मी हवी असेन तर बोलाव, गुरुवार सोडून कधीही येईन.

तुझी,
मेट्रनबाई