उसाशेजारची परसबाग : फवारणी करण्याआधी हे बघा

प्रश्न : घरामागं, उसाच्या रानाला लागून अर्ध्या गुंठ्यात परसबाग केली आहे. रासायनिक काहीच वापरत नाही. गोठ्यातलं शेण रोज वाफ्यात टाकते. तरी टोमॅटोची पानं दोऱ्यासारखी बारीक होऊन पिळवटली, मिरची आकसली आणि वांग्याची रोपं एकेक करून सुकू लागली. कोणता अर्क फवारू? (एक ताई, करवीर तालुका)

उत्तर : ताई, अर्काचं नंतर बघू. तुमच्या तिन्ही तक्रारींची कारणं वेगवेगळी दिसतात.

टोमॅटोचं आधी सांगतो, कारण नदीकाठच्या गावांत हे मला वारंवार दिसतं. शेजारच्या उसात गेल्या आठ-पंधरा दिवसांत २,४-डी हे तणनाशक मारलं होतं का, विचारा. उसाला त्यानं काही होत नाही, पण टोमॅटो आणि वेलभाज्यांना वाऱ्यावर आलेले चार थेंबही बाधतात. उसाकडच्या बाजूची सगळी झाडं एकदमच पिळवटली असतील, तर हा रोग नव्हे. ती झाडं उपटून टाका, त्यांची फळं खाऊ नका, खतातही घालू नका. शेजाऱ्यांशी गोडीनं बोला. फवारणी वारा पडल्यावर करा म्हटलं तर बहुतेक जण ऐकतात. मधे तुरीची किंवा शेवग्याची दाट ओळ लावा. आणि घरात फवारणीचा पंप एकच असेल, तर तणनाशकाचा तो पंप बागेला लावूच नका. धुतला तरी नको. बागेसाठी हातपंप वेगळा ठेवा.

वांग्याचं सुकलेलं रोप उपटून मुळं बघा. मुळं कुरतडलेली असतील आणि मातीत पांढरी, अर्धगोल वळलेली अळी सापडली, तर ती हुमणी. आपल्या उसातलीच ही कीड. कच्च्या शेणात तिला आयता आसरा मिळतो. तुम्ही मायेनं रोज शेण घालता हे खरं, पण ताजं शेण थेट वाफ्यात नकोच. खड्ड्यात पाचटाचा एक थर, वर शेणकाल्याचा एक, असं रचत चला. ओल राखा, महिन्यातून एकदा वरखाली करा. तीन-चार महिन्यांनी हाताला गरम न लागणारं, मातीच्या वासाचं खत तयार होईल. पावसाळ्यात खड्डा झाका, नाहीतर सगळा कस वाहून जातो. आत्ता वाफे उकरून अळ्या वेचा, कोंबड्या असतील तर सोडा त्यांना. पुढच्या वळवानंतर संध्याकाळी कडुनिंबावर, बाभळीवर या हुमणीचेच भुंगेरे जमतात. फांद्या हलवून ते खाली पाडा आणि रॉकेल घातलेल्या पाण्यात टाका. गावानं मिळून केलं तर उसालाही फायदा.

मिरचीची पानं वरच्या बाजूला होडीसारखी वळली असतील तर ते फुलकिडे. इथं निंबोळी अर्क चालतो. ५० ग्रॅम कुटलेली निंबोळी थोड्या पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यातून गाळून पाणी १ लिटर करा, चिमूटभर साबणाचा चुरा घाला आणि त्याच दिवशी ऊन उतरल्यावर पानांच्या खालून फवारा. दर आठ-दहा दिवसांनी पुन्हा. पानं खाली वळली असतील तर मात्र कोळी, म्हणजे पानातला रस शोषणारी अगदी बारीक कीड समजा. तेव्हा फवारणीआधी एक फांदी पिशवीत घालून सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचे कृषी सहायक) दाखवा.

नवीन रोपं लावताना गादीवाफा वीतभर उंच करा. आपल्याकडच्या काळ्या मातीत आषाढात पाणी तुंबलं की वांगी-मिरचीची मुळं कुजतात. तोवर पाणी तुंबणाऱ्या जागेत आळू लावलात तरी चालेल, त्याला ओल मानवते.