पदकाची आशा नसताना नाउरू, किरिबाटीसारखे इवलेसे देश ऑलिंपिकला खेळाडू का पाठवतात?

तुम्ही विचारलंय की, दहा-बारा हजार वस्तीच्या देशाचा एखादाच खेळाडू एवढ्या लांब जातो, पहिल्या फेरीत बाद होतो आणि परत येतो, तर हा खर्च नेमका कशासाठी? मी बारा वर्षं वेटलिफ्टिंग केलं. आता सांगली जिल्ह्यात एका व्यायामशाळेत संध्याकाळी पोरापोरींना शिकवतो. पॅसिफिकमधल्या या बेटांचे गाजलेले खेळाडू बरेचसे आमच्याच खेळातले आहेत, त्यामुळे त्यांच्याकडे माझं कायम लक्ष असतं. जमेल तेवढं सांगतो.

आधी ‘पदकाची आशा नाही’ या म्हणण्याबद्दल. नाउरूचं क्षेत्रफळ 21 चौरस किलोमीटर. बेटाला वळसा घालणारा रस्ता साधारण 19 किलोमीटरचा, म्हणजे सांगलीहून मिरजेला जाऊन परत यावं एवढाच. बेटाचा मधला भाग फॉस्फेटसाठी इतका खणलाय की तिथे आता नुसते दगडी सुळके उभे आहेत. राहायला, खेळायला उरली ती किनाऱ्याची पट्टी.

या देशातला मार्कस स्टीफन नावाचा मुलगा शाळेसाठी ऑस्ट्रेलियात गेला आणि तिथे त्याच्या हातात वेटलिफ्टिंगचा बार आला. 1990 च्या ऑकलंडच्या राष्ट्रकुल स्पर्धेत नाउरू पहिल्यांदा उतरला आणि स्टीफनने 60 किलो वजनगटात एक सुवर्ण आणि दोन रौप्यपदकं जिंकली. त्या काळी स्नॅच (एका दमात थेट डोक्यावर उचल), क्लीन अँड जर्क (आधी खांद्यावर, मग डोक्यावर) आणि एकूण वजन अशी तीन पदकं वेगवेगळी मिळत. खरी अडचण त्यानंतर आली. 1992 चं बार्सिलोना ऑलिंपिक तोंडावर होतं आणि नाउरूच्या ऑलिंपिक समितीला अजून मान्यताच नव्हती. शेवटी सामोआ या दुसऱ्या बेटदेशाचं नागरिकत्व घेऊन तो सामोआकडून खेळला. वजन उचलायची ताकद अंगात आहे, पण छातीवर स्वतःच्या देशाचं नाव लावता येत नाही. ती मान्यता 1994 मध्ये मिळाली आणि 1996 ला अटलांटामध्ये नाउरूचे तीन खेळाडू उतरले, तिघेही वेटलिफ्टर. त्यात स्टीफन होताच.

राष्ट्रकुल स्पर्धांमध्ये त्याची एकूण पदकं झाली 12, सात सुवर्ण आणि पाच रौप्य. 1999 मध्ये अथेन्सच्या जागतिक स्पर्धेत क्लीन अँड जर्कमध्ये त्याला रौप्य मिळालं. पुढे 2007 ते 2011 तो नाउरूचा राष्ट्राध्यक्ष होता. 2010 मध्ये आपल्या दिल्लीत राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या, तेव्हा 77 किलो गटाचं सुवर्ण नाउरूच्याच युकिओ पीटरने नेलं. 2022 ला बर्मिंगहॅममध्ये आपल्या सांगलीच्या संकेत सरगरने 55 किलो गटात रौप्य जिंकलं, सुवर्ण अवघ्या एका किलोने हुकलं. ते आपल्याकडे घराघरांत पाहिलं गेलं. त्याच स्पर्धेत नाउरूच्या मॅक्सिमिना उएपाने 76 किलो गटात कांस्य जिंकलं. तिच्या बेटावर ते कसं पाहिलं गेलं असेल, याचा विचार माझ्या मनात हमखास येतो.

वेटलिफ्टिंगच का, असं पुढे विचाराल. फुटबॉलचा संघ उभा करायचा तर अकरा चांगले खेळाडू लागतात, शिवाय सरावासाठी समोर दुसरे अकरा लागतात. आमच्या खेळाला चार मीटर बाय चार मीटरचा लाकडी प्लॅटफॉर्म, एक बार, प्लेटा आणि शिकवणारा एक माणूस, एवढं पुरतं. वर वजनगट असतात, म्हणजे साठ किलोच्या माणसाची गाठ साठ किलोच्याच माणसाशी. तो अमेरिकेतून आलाय की चिमूटभर बेटावरून, हे बारला कळत नाही. स्नॅचचे तीन प्रयत्न, जर्कचे तीन, संपलं. लहान देशाने असा एकच खेळ धरला आणि पिढ्यान्‌पिढ्या सोडला नाही, तर तो मोठ्यांच्या पंगतीत बसतो. नाउरूने तेच केलं.

आता ज्याच्यामुळे मी हे उत्तर लिहायला बसलो, त्या माणसाबद्दल. किरिबाटीचा डेव्हिड काटोआताऊ. (त्या देशाचं नाव तिथली माणसं ‘किरिबास’ असं उच्चारतात, त्यांच्या भाषेत ‘टीआय’ या अक्षरांचा उच्चार ‘स’ होतो.) तेहतीस बेटांचा हा देश पॅसिफिकमध्ये एवढा पसरलाय की त्याच्या हद्दीतला समुद्र भारताच्या जमिनीहून मोठा भरेल. पण सगळी जमीन गोळा केली तर आपल्या दोन-तीन तालुक्यांहून जास्त नाही, आणि तीही बहुतेक ठिकाणी समुद्रसपाटीपासून जेमतेम दोन मीटर वर.

काटोआताऊने सुरुवात केली तेव्हा तिथे जिम नव्हती. समुद्राकाठी उघड्यावर सराव चालायचा. ऊन चढलं की लोखंडी बार इतका तापायचा की हातात धरवत नसे, म्हणून पहाटेच उठून उचलायचं. हे वाचलं तेव्हा मला आमची जुनी व्यायामशाळा आठवली. वर पत्रा, एप्रिलचे दिवस, दुपारी तीनला बारला हात लावला की चटका बसायचा. आम्ही ओलं फडकं फिरवून बार गार करायचो, मग पुसून चॉक लावायचा. पण आमच्या डोक्यावर पत्रा तरी होता. त्याच्या डोक्यावर विषुववृत्तावरचं आभाळ.

2014 मध्ये ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने 105 किलो गटात सुवर्ण जिंकलं. किरिबाटीचं राष्ट्रकुलमधलं ते पहिलंच पदक. आणि पदकाआधीच तो मंचावर नाचला. मग 2016 ला रिओमध्येही नाचला. उचल झाली तरी नाचला, बार हातून सुटला तरी नाचला. लोक हसले, टाळ्या वाजवल्या, व्हिडिओ जगभर फिरला. त्यामागचं कारण त्यानेच सांगितलं. माझा देश कुठे आहे हे बहुतेकांना ठाऊक नाही, आणि समुद्र वर चढतोय, निदान नाच बघून तरी लोक किरिबाटी कुठे आहे ते शोधतील. 2015 मध्ये त्याने जगाला उद्देशून एक खुलं पत्र लिहिलं होतं. कमाईतून बांधलेलं त्याचं स्वतःचं घर वादळात गेलं होतं. त्याच सुमाराला त्याच्या सरकारने फिजीमध्ये सुमारे 20 चौरस किलोमीटर जमीन विकत घेतली होती. उद्या आपली बेटं राहिली नाहीत तर कुठे जायचं, हा प्रश्न त्यांच्यासाठी असा सात-बाराच्या उताऱ्याइतका खरा आहे.

तो व्हिडिओ मी आमच्या पोरांना मोबाइलवर दाखवला. सातवीतली एक मुलगी म्हणाली, “सर, याची उचल तर फेल गेली, मग नाचतोय कशाला?” मी तिला वरचं सगळं सांगितलं. तिने मोबाइल मागून घेतला, नकाशा उघडला आणि बराच वेळ निळ्या पाण्यात बोट फिरवत राहिली. आधी काहीच दिसेना. नकाशा खूप मोठा केल्यावर एक वाकडी बारीक रेघ आली, किरिबाटीच्या राजधानीचं, तारावाचं बेट. “एवढंच?” असं म्हणून तिने ते शेजारच्या पोराला दाखवलं. काटोआताऊला जे हवं होतं ते आमच्या व्यायामशाळेत, सतरंजीवर बसून, असं घडलं.

आता खर्चाचं. पैशाचा मोठा भाग त्या देशांच्या खिशातून जात नाही. ऑलिंपिकच्या प्रक्षेपण हक्कांतून जो पैसा येतो, त्यातला काही वाटा ‘ऑलिंपिक सॉलिडॅरिटी’ या योजनेतून छोट्या देशांच्या समित्यांना मिळतो. प्रवास, प्रशिक्षण, शिष्यवृत्त्या त्यातून होतात. शिवाय ज्या देशाचं कुणीच ॲथलेटिक्सला पात्र ठरत नाही, त्यांच्यासाठी ‘युनिव्हर्सॅलिटी’च्या जागा ठेवलेल्या असतात. शंभर मीटरमध्ये असे धावपटू मुख्य हीटच्या, म्हणजे गटवार शर्यतींच्या आधी एका प्राथमिक फेरीत धावतात.

2016 ला पॅसिफिकमधल्याच तुवालू या बेटदेशाचा एटिमोनी टिमुआनी असाच धावला. त्या वेळी तुवालूच्या पथकात तो एकटाच होता, उद्घाटनाला झेंडाही त्याच्याच हातात. तुवालूची जमीन 26 चौरस किलोमीटर, वस्ती अकरा हजारांच्या आसपास. फुनाफुटी बेटावर सपाट मोकळी जागा इतकी कमी की विमान यायचं नसेल तेव्हा विमानतळाच्या धावपट्टीवरच पोरं फुटबॉल, व्हॉलीबॉल खेळतात. रिओत त्याने 12 सेकंदांच्या आत शर्यत संपवली आणि तो बाद झाला. त्या वर्षी बोल्टने 9.81 सेकंदांत सुवर्ण घेतलं. म्हणजे जगातला सर्वांत वेगवान माणूस आणि हा मुलगा यांच्यात फरक सुमारे दोन सेकंदांचा. तुम्ही याला ‘पहिल्या फेरीत बाद’ म्हणता. मला ते दोन सेकंद फार थोडे वाटतात.

आणि कधीकधी तर तो फरक उरतही नाही. 3 ऑगस्ट 2024 ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये कॅरिबियन बेटांतल्या सेंट लुसियाच्या ज्युलियन आल्फ्रेडने 100 मीटर 10.72 सेकंदांत जिंकली. पावणेदोन-दोन लाख वस्तीच्या त्या देशाचं हे पहिलंच ऑलिंपिक पदक, आणि तेही थेट सुवर्ण. त्याच संध्याकाळी शेजारच्या डॉमिनिकाच्या थिया लाफाँडने तिहेरी उडीत 15.02 मीटरवर सुवर्ण नेलं. डॉमिनिकाचंही पहिलंच. 1996 पासूनच्या आधीच्या वर्षांत या देशांनी ‘कशाला जायचं’ म्हणून खेळाडू पाठवणंच बंद केलं असतं, तर या दोघींसाठी समिती, प्रशिक्षक, शिष्यवृत्ती यातलं काय उभं राहिलं असतं?

एक गोष्ट मंचावर उभं राहिलेल्या माणसालाच कळते, ती सांगतो. माझ्या पहिल्या राज्य स्पर्धेत माइकवर आधी जिल्ह्याचं नाव पुकारलं, मग माझं. पडद्याआडून प्लॅटफॉर्मपर्यंतची ती दहा पावलं मला आजही आठवतात. पोटात गोळा आला होता, पण पाठ आपोआप ताठ झाली होती. माझ्या मागे एक जिल्हा होता, आणि त्या जिल्ह्याचे आणखी सहा लिफ्टर त्याच स्पर्धेत होते. टिमुआनीच्या मागे कुणीच नव्हतं. त्या स्टेडियममध्ये तुवालू हे नाव त्याच्यामुळेच उच्चारलं गेलं.

बघायचंच असेल तर एक सुचवतो. पूर्वी, रिओच्या वेळीही, ऑलिंपिकच्या वेटलिफ्टिंगमध्ये ज्यांची आधीची एकूण उचल कमी असे त्यांना ‘ब’ गटात टाकत. तो गट आधी व्हायचा, तेव्हा खुर्च्या बऱ्याचशा रिकाम्या असायच्या आणि टीव्हीवर तो क्वचितच दाखवायचे. काटोआताऊ रिओमध्ये त्याच गटात होता. इंटरनेटवर ‘ब’ गटाचं जुनं प्रक्षेपण मिळालं तर सोडू नका. आणि 2026 च्या राष्ट्रकुल स्पर्धा पुन्हा ग्लासगोलाच ठरल्या आहेत, खेळांची यादी बरीच छाटलीय, पण वेटलिफ्टिंग त्यात आहे. आमची पोरं आत्तापासून विचारतायत, “सर, किरिबासचं कोण येणार?”