खोकं रिकामं परत द्यायचं नसतं

पत्र मोठं होतं, थोडक्यात देते:

"प्रिय मावशी, मी मूळची पुण्याची, वय 36. ऑक्टोबरात आम्ही डब्लिन सोडून आयर्लंडमधल्याच लीट्रिम काउंटीत राहायला आलो. जुनं दगडी घर आणि दीड एकर जमीन घेतली आहे. मी नोकरी सोडली. थोडक्यात भागवायचं, घरचं पिकवून खायचं आणि ख्रिस्ती धर्म यायच्या आधीपासूनचे इथले ऋतूंचे सण पाळत वर्ष काढायचं, असं ठरवलंय. ऑक्टोबरअखेरीच्या सॉविनला खिडकीत दिवे लावले, डिसेंबरातल्या सर्वांत लहान दिवसाच्या युलला एकटीने जागरण केलं. आता 1 फेब्रुवारीला इम्बोल्क, म्हणजे ब्रिजिडचा सण. तिचा क्रॉस विणायला वाळलेलं लव्हाळं ऑनलाइन मागवलंय. नवरा आठवड्यातले तीन दिवस डब्लिनला नोकरीवर जातो आणि माझ्या या सगळ्याला खेळ म्हणतो. मेणबत्त्या, बियाणं, बिडाची भांडी, पुस्तकं यांवर अकराशे युरो गेले, त्यावरून भांडण झालं. खालच्या अंगाची जमीन टोकदार हिरव्या गवताने भरलीय, ते काढायला माणूस मिळत नाही. बोलायलाही कोणी नाही. समोर ऐंशीच्या घरातल्या एक आजी एकट्या राहतात. नाताळच्या आधी आमच्या दारात डझनभर अंडी ठेवून गेल्या, ते खोकं परत द्यायचं राहूनच गेलंय. पण त्या दर रविवारी चर्चला जाणाऱ्या, त्यांना माझं हे काय कळणार! मावशी, नवऱ्याला कसं पटवू? आणि वर्षाचे आठही सण नीट कसे पाळू?"

अगं, ते खोकं आत्ता कुठे आहे? फ्रिजवर? की कागद-पुठ्ठ्याच्या ढिगात गेलं? गेलं असेल तर आधी शोधून काढ. चार पानांत तू त्याला एक ओळ दिलीस, पण माझी नजर तिथून हलेना.

नाताळच्या आधी म्हणजे तुमच्याकडे दिवस जेमतेम साडेसात तासांचा. कोंबडी भरात अंडी घालते ती चौदा तासांच्या आसपास उजेड मिळाला तर. डिसेंबरात लीट्रिममधल्या म्हातारीच्या चार-सहा कोंबड्या किती घालत असतील? एखाद्या दिवशी एक, एखाद्या दिवशी काहीच नाही. म्हणजे ती बारा अंडी एका सकाळची नव्हती. आजींनी ती जमवली असणार, स्वतःच्या ताटातून बाजूला काढून. ऐंशीच्या बाईने त्या ओल्या थंडीत रस्ता ओलांडला आणि तुझ्या उंबऱ्यावर ते खोकं ठेवलं. डिसेंबरातलं अंडं काय मोलाचं असतं हे ज्या दिवशी तुला कळेल, त्या दिवशी तुझं ऋतूंचं वर्ष सुरू झालं म्हण. सॉविनच्या दिव्यांनी ते झालेलं नाही.

मी लातूरकडची. आमच्यात शेजारच्या घरून आलेलं भांडं रिकामं परत जात नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर घालतात, पण रिकामं देत नाहीत. हे तुलाही तुझ्या आईने सांगितलं असणार, पुण्यातही हेच चालतं. मग पाच-सहा आठवडे ते खोकं तुझ्याकडे कसं राहिलं? विसरलीस म्हणू नकोस, विसरली असतीस तर मला लिहिलं नसतंस. तू घाबरलीस. आपले उच्चार, आपलं नाव, आपला रंग, दार उघडल्यावर त्या कशा बघतील, काय बोलायचं. ते मला समजतं आणि त्याबद्दल मी तुला रागावणार नाही. पण पहिली पायरी आजी चढून गेल्यात, आणि तू अजून दाराआड उभी आहेस.

रागावणार आहे ते "त्या चर्चला जाणाऱ्या, त्यांना काय कळणार" या वाक्यावर. तू ज्याला जुनं म्हणून शोधतेस ते आयर्लंडमध्ये टिकलं कुणामुळे? रविवारी न चुकता चर्चमधल्या मासला, म्हणजे प्रार्थनाविधीला जाणाऱ्या याच बायकांमुळे. देवी ब्रिजिडची संत ब्रिजिड झाली असं म्हणतात, पण 31 जानेवारीच्या संध्याकाळी लव्हाळं आणणं, त्याचा क्रॉस विणून दारावर आणि गोठ्यात टांगणं, रात्री कापडाचा तुकडा बाहेर ठेवून सकाळी तो औषधी म्हणून जपणं, हे सगळं कॅथलिक घरांनीच पिढ्यान्‌पिढ्या केलं. 1937 ते 1939 या काळात तिथल्या लोककथा आयोगाने शाळकरी मुलांना वह्या देऊन घरच्या म्हाताऱ्यांकडून असल्या गोष्टी लिहवून घेतल्या. सुमारे पन्नास हजार मुलांनी ते काम केलं. त्या वह्या आज ऑनलाइन वाचता येतात. समोरच्या आजींची आईदेखील त्या वेळी शाळेत असू शकेल. तू पुस्तकांवर पैसे घालतेयस आणि जिच्या हाताला ते विणकाम येत असेल ती बाई रस्त्यापलीकडे एकटी बसली आहे.

आता तुझे ते आठ सण. आठ आऱ्यांचं ते वर्षाचं चाक 1950च्या दशकात इंग्लंडमध्ये जुळवलं गेलं, आणि शरदातल्या सणाला माबोन हे नाव तर 1970च्या दशकात अमेरिकेत दिलं गेलं. म्हणून ते खोटं, असं मी म्हणत नाही. माणसं नवे सण घडवतात आणि मनापासून पाळतात. हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवसाचं भान तर तिथे फार जुनं आहे. न्यूग्रेंजच्या दगडी थडग्यात त्या दिवसांतला उगवता सूर्य आतल्या खोलीपर्यंत पोचतो, आणि ते बांधून पाच हजार वर्षं झाली. पण आयरिश मातीतले म्हणून जे चार आहेत, सॉविन, इम्बोल्क, ब्यालतना आणि लूनासा, ते मुळात गुराढोरांचं आणि पिकाचं वेळापत्रक आहे. सॉविनला डोंगरावरची गुरं खाली घरी आणायची. इम्बोल्कला मेंढ्यांना दूध उतरायला लागतं. मेच्या आरंभी ब्यालतनाला गुरं दोन जाळांमधून हाकून उन्हाळी कुरणावर न्यायची. ऑगस्टच्या आरंभी लूनासाला पहिलं पीक हाती यायचं. त्याआधीच्या जुलैला तिथे भुकेचा जुलै म्हणत, कारण जुने बटाटे संपलेले आणि नवे अजून जमिनीत. ही कामं सगळ्या गावाची होती. एकटीने मेणबत्तीसमोर बसून यातलं काय पाळणार तू? पुण्यामुंबईत आपण मातीचे बैल पुजतो, त्यात वाईट काही नाही. पण तू तर खऱ्या गोठ्याच्या शेजारी राहायला गेलीस आणि तिथेही मातीचाच बैल पुजतेयस.

आमच्या भागात मार्गशीर्ष अमावास्येला येळवस असते. अख्खं गाव शेतात जातं, कडब्याची कोप उभारतात, आंबील आणि भज्जी करतात. लग्नानंतर आम्ही लातुरात भाड्याने राहत होतो, शेत नव्हतं. पहिल्या वर्षी त्या दिवशी मी दार लावून घरात बसले होते, रस्ता एकदम सामसूम. शेजारच्या काकू आल्या आणि म्हणाल्या, "शेत नसलेल्यालाच आधी न्यायचं असतं, चल." त्यांच्या रानात बसून प्यालेल्या आंबिलीची चव अजून जिभेवर आहे. त्या दिवशी काकूंनी बोलावलं नसतं तर तो सण मला आयुष्यभर परका राहिला असता. तुझ्या काकू तुझ्या दारी येऊन गेल्यासुद्धा, बाई. तू अंडी उचललीस आणि दार लावून घेतलंस.

आणि ते खालच्या अंगाचं टोकदार हिरवं गवत, जे काढायला तुला माणूस हवाय, ते लव्हाळंच आहे गं. जे तू पैसे देऊन मागवलंयस तेच. लीट्रिमची माती चिकट, पाणी धरून ठेवणारी. पाणी जिथे तुंबतं तिथे लव्हाळं माजतं. ते गवत तुला सांगतंय की इथे पाणी मुरत नाही, इथे पेरू नकोस, भाजी वरच्या अंगाला उंच वाफ्यांवर घे. पाणी मार्चात कुठवर चढतं, दव कुठल्या कोपऱ्यात उशिरापर्यंत राहतं, बटाट्याचे जुने वरंबे कुठे होते, हे तुला बियाण्याच्या पाकिटावर मिळणार नाही. त्या जमिनीकडे पन्नास-साठ वर्षं खिडकीतून बघत आलेल्या बाईला ते विचार.

नवऱ्याला कसं पटवू, असं विचारतेस. पटवू नकोस. त्याच्या पगारावर चूल पेटतेय तोवर त्याची नोकरी हा तुमच्या शेतीचाच भाग आहे. त्याने खेळ म्हटलं ते तुला लागलं, पण अकराशे युरो घालून अजून एक मेथीची जुडी घरात आलेली नाही, हा त्याचा मुद्दा खरा आहे. काटकसर म्हणजे जे हाताशी आहे ते आधी बघायचं. तुझ्या हाताशी लव्हाळं होतं आणि शेजारीण होती.

तेव्हा आता एकच कर. 31 जानेवारीच्या आत काही विकत घेऊ नकोस, काही वाचू नकोस. तिथलं लोणी आण, घरी कढवून तूप कर. ब्रिजिडच्या आदल्या रात्री तिथे ताजं घुसळलेलं लोणी पानात असायचं, त्यामुळे हे अगदी त्या सणाचंच होईल. बेसन मंद आचेवर खमंग भाज, घाई करू नकोस, नाहीतर कच्चट लागेल. अंड्याएवढे बारा लाडू वळ. खोक्यात स्वच्छ कागद घाल आणि एकेका खळग्यात एकेक लाडू ठेव. बारा खळगे, बारा लाडू.

मग गमबूट घालून खालच्या अंगाला जा आणि कवेत मावेल एवढं लव्हाळं घे. कापायचं नाही, उपटायचं, तशी तिथली रीत आहे. संध्याकाळी अंधार पडताना रस्ता ओलांड. जुन्या घरांमधून त्या संध्याकाळी हेच चालायचं. एक मुलगी लव्हाळ्याचा भारा घेऊन बाहेर उभी राहायची आणि म्हणायची, गुडघे टेका, डोळे उघडा, ब्रिजिडला आत येऊ द्या. आणि आतली माणसं म्हणायची, येऊ दे, तिचं स्वागत आहे. तो सणच दार वाजवण्याचा आहे, आणि तू तो दार बंद करून करणार होतीस.

तुला ते शब्द म्हणायची गरज नाही. खोकं पुढे कर आणि सांग, उशीर झाला, माफ करा, आणि मला क्रॉस विणता येत नाही, दाखवाल का? कदाचित त्यांची बोटं आता वळत नसतील. मग त्या सांगतील आणि तू वीण. मार्चात, सेंट पॅट्रिकच्या सुमाराला, तिथे बटाटे लावायला घेतात. या वयात त्यांना वरंबा खणणं होत नसेल. तेव्हा फावडं घेऊन आधी त्यांच्या वाफ्यात जा, मग आपल्या. शेजाऱ्यांनी एकमेकांच्या रानात राबण्याला आपण इर्जिक म्हणतो, सावड म्हणतो. तिकडे त्याला मेहल म्हणतात. कोंबड्या पाळायच्या तर तेही त्यांनाच विचार. एक कोंबडी ठेवली तरी तिथे कृषी खात्याकडे नोंद करावी लागते, ती कशी करायची हेही त्यांना माहीत असेल.

आजी चहा विचारतील. लगेच हो म्हण, कोट काढ आणि बस. उठताना ते खोकं तिथेच राहू दे. दिवस मोठा व्हायला लागलाय, त्यांच्या कोंबड्या आता पुन्हा घालायला लागतील.

तुझी,
मावशी