जिब्ली संपल्यावर काय पाहावं?

"जिब्ली या जपानी ॲनिमेशन स्टुडिओचे सगळे सिनेमे पाहून झाले, फारसं कुणी न पाहिलेलं ॲनिमेशन सुचवा," असं तुम्ही विचारलंय. लांबलचक यादी दिली तर ती तशीच पडून राहते, म्हणून एका सिनेमाचा आग्रह धरतो: 'फेहेरलोफिया', म्हणजे पांढऱ्या घोडीचा मुलगा. हंगेरी, १९८१. दिग्दर्शक मार्सेल यांकोविच, बुडापेस्टचा पानोनिया स्टुडिओ.

गोष्ट लोककथेतली. घोडीच्या दुधावर वाढलेला, झाडं मुळासकट उपटणारा मुलगा दोन भावांना घेऊन पाताळाच्या वाटेला लागतो, तीन राजकन्यांना सोडवायला. परत वर यायला तो एका अजस्र पक्ष्याची मदत घेतो आणि त्याला स्वतःच्या अंगाचं मांस भरवतो. तिथे शिबी राजा आठवल्याशिवाय राहत नाही.

पण खरी कमाल चित्रांची आहे. पात्रांना काळी बाह्यरेषा जवळपास नाहीच. रंगाला रंग भिडतो आणि आकृती उभी राहते, बघता बघता ती विरघळून दुसरीच होते. आणि ते तीन राक्षस! तीन डोक्यांचा दगडी, सात डोक्यांचा रणगाड्या-तोफांचा, बारा डोक्यांचा तर उंच इमारतींचं अख्खं शहरच. पुराणकथेतून थेट आपल्या काळात आणून सोडणारी ही कल्पना मला आजही थक्क करते.

एवढा मोठा सिनेमा मागे पडला, कारण तो पूर्व युरोपातून नीट बाहेर पोचलाच नाही. मूळ निगेटिव्हवरून ४के, म्हणजे अतिशय सुस्पष्ट डिजिटल प्रत तयार झाली तेव्हा कुठे त्याची जगभर चर्चा सुरू झाली. तीच प्रत शोधा. जुन्या व्हिडिओ प्रतींत रंग मेलेले असतात, आणि इथे रंग गेले की सगळंच गेलं. लहान मुलांना मात्र सोबत बसवू नका, काही प्रतिमा मोठ्यांसाठीच आहेत.

जिब्ली आवडतं म्हणता, तर पॉल ग्रिमो यांचा फ्रेंच 'राजा आणि पक्षी' चुकवू नका. जिब्लीचे संस्थापक दिग्दर्शक ताकाहाता आणि मियाझाकी दोघेही त्याचे चाहते. १९५२ मध्ये निर्मात्यानं तो ग्रिमो यांच्या मनाविरुद्ध अर्धवटच प्रदर्शित केला. त्यांनी पुढे हक्क मिळवले आणि १९८० मध्ये आपल्या मनासारखा पूर्ण केला.

जर्मन दिग्दर्शिका लोटे रायनिगर यांचा १९२६ चा 'प्रिन्स अहमद' काळ्या कागदाच्या कातरकामातून घडलाय. पिंगुळीच्या चामडी बाहुल्यांचा खेळ पाहिला असेल, तर त्या सावल्यांशी लगेच जुळेल.

आणि आपल्या मुंबईच्या गीतांजली राव. त्यांची 'प्रिंटेड रेनबो' (२००६) ही ॲनिमेशन शॉर्टफिल्म म्हणजे एकटी म्हातारी, तिची मांजर आणि काडेपेट्यांवरच्या चित्रांची गोष्ट. फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवातल्या क्रिटिक्स वीक विभागात तिला तीन पुरस्कार मिळाले, तरी इथल्या किती जणांनी ती पाहिली असेल? फक्त पंधरा मिनिटांची आहे. आज रात्री वेळ कमी असेल, तर तिथूनच सुरुवात करा.