राजीनामा नाटकापेक्षा बरा उतरलाय

प्रिय मुली,

तू पाठवलेलं दोन्ही वाचलं, एकांकिका आणि राजीनाम्याचा मसुदा. राजीनामा जास्त बरा उतरलाय. त्यात एक वाक्य उसनं नाही. एकांकिकेत दोन माणसं लिफ्टची वाट बघतात आणि लिफ्ट येत नाही. अगं, ही लिफ्ट 1953 साली पॅरिसमध्ये अडकलीय, बेकेटच्या ‘वेटिंग फॉर गोदो’ नाटकात, तिथंही दोघं वाट बघतात आणि गोदो येत नाही. तिला चाकणला आणून तू काय मिळवलंस?

नोकरी सोडू नकोस. आत्ताच सांगून टाकतो, पुढेही सांगणार आहे.

‘आळेकरांसारखं लिहायचं तर पूर्णवेळ द्यायला हवा’ असं तू लिहिलंयस. कोणी सांगितलं तुला हे? सतीश आळेकर तुझ्यासारखेच प्रयोगशाळेतले. 1972 साली पुणे विद्यापीठातून बायोकेमिस्ट्रीत एमएस्सी झाले आणि बी. जे. मेडिकल कॉलेजात नोकरीला लागले. ‘महानिर्वाण’ 1974 चं, ‘महापूर’ 1975 चं, ‘बेगम बर्वे’ 1979 चं. म्हणजे ज्या नाटकांची नावं तू जपमाळेसारखी घेतेस, ती सगळी हजेरीपुस्तकात सही करणाऱ्या माणसाची आहेत. नोकरी सोडली ती 1996 साली, तीही पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राचं, म्हणजे तिथल्या नाट्यविभागाचं, प्रमुखपद घ्यायला. एक नोकरी सोडली ती दुसरी धरूनच, बाईसाहेब.

आणि ते एकटे नव्हते. तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’ नाटकावरून जुन्या नाट्यसंस्थेत बिनसलं आणि 1973 साली थिएटर अकॅडमी उभी राहिली. त्यातले जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, दौंडला दवाखाना. मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ. नोकऱ्या-दवाखाने सांभाळून संध्याकाळी तालमीला जमणारी ही मंडळी. ‘महानिर्वाण’मधल्या नानाचं काम तर आळेकर स्वतःच करायचे. पूर्णवेळ म्हणे!

पण वेळेचा मुद्दा मी सोडूनच देतो. वेळ काय, कोणालाच नसतो. मला सांगायचंय ते वेगळं. ‘महानिर्वाण’ परत वाच, पण या वेळी अधोरेखित करायला पेन्सिल घेऊ नकोस, नुसतं बघ. भाऊराव मरतात आणि स्वतःच्या मरणाचं कीर्तन स्वतःच लावतात. त्यांची इच्छा एवढीच, की जाळायचं तर जुन्याच स्मशानात. आणि ते स्मशान बंद झालेलं. झालं! सगळी विसंगती तिथून निघते. मेलेल्या माणसाचा हट्ट आणि नगरपालिकेचा निर्णय. मधे मुलगा नाना प्रेत सांभाळत बसलेला, चाळकरी येऊन-जाऊन, आणि भाऊरावांच्या बायकोच्या, रमाबाईंच्या, मनात भरलेला ‘डावीकडून तिसरा’. यातलं काय परदेशातून आणावं लागलं? कीर्तन पुण्याच्या प्रेक्षकाच्या कानात मुरलेलं होतं. म्हणून तर प्रेत उठून गायला लागलं तरी त्याला ते ओळखीचं वाटलं. ‘बेगम बर्वे’ घे. संगीत नाटकात बायकांची कामं करण्याची स्वप्नं बघणारा, उदबत्त्या विकून जगणारा बर्वे, आणि ऑफिसातल्या बाईंवरून संसाराची स्वप्नं रंगवणारे दोन कारकून, जावडेकर-बावडेकर. कारकून! स्वप्नंसुद्धा ऑफिसच्या मापाची.

आता तुझं ऐक. मागे तू सहज बोलता बोलता सांगितलं होतंस की तुमच्या क्यूसी लॅबच्या, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासायच्या प्रयोगशाळेच्या, भिंतीवर पाटी आहे, ‘जे लिहिलं नाही ते घडलंच नाही’. एक नमुना फेल गेला, मग त्याची चौकशी, चौकशीच्या नोंदींची चौकशी, आणि तारखेत खाडाखोड केली म्हणून तुला लेखी खुलासा द्यावा लागला. तू पोट धरून हसत होतीस. मी तेव्हाच म्हटलं, पोरगी आता लिहिणार. आणि लिहिलंस काय, तर लिफ्ट!

तिकडे चेकोस्लोव्हाकियात नाटककार वाक्लाव हावेलच्या नाटकांवर बंदी आली, तेव्हा 1974 साली, म्हणजे ‘महानिर्वाण’च्याच वर्षी, तो त्रुत्नोवच्या बिअरच्या कारखान्यात पिंपं ढकलत होता. हौसेनं नव्हे, ते मला कळतं. पण पुढच्याच वर्षी त्यानं ‘ऑडियन्स’ लिहिलं. कारखान्यातला साहेब हाताखालच्या लेखकाला बिअर पाजत पाजत विचारतो, की तुझ्यावर पाळत ठेवून मला वर अहवाल द्यावे लागतात, मला लिहिता येत नाही, तर तूच लिहून देशील का? तुझ्या भिंतीवरची पाटी आणि हे नाटक शेजारी शेजारी ठेवून बघ. ती पाटी सोडून तू मुंबईत भाड्याच्या खोलीत जाऊन बसणार आणि तिथं विसंगती शोधणार. शोध!

माझ्याबद्दल लोक काय बोलतात ते तुझ्या कानावर आलं असेल. जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात जन्म काढला, म्हणून नाटकं थोडी झाली. असेल. दिल्लीच्या प्रयोगाला माझंच नाटक असून मी गेलो नाही, कारण मार्चअखेर होती. ते अजून सलतं, खोटं कशाला बोलू. पण त्या रात्री मी कुठं होतो? कोषागारात, बिलांचा गठ्ठा मांडीवर घेऊन. बारा वाजून गेले तरी तिथं एक एप्रिल उजाडत नाही. निधी लॅप्स व्हायला नको म्हणून पहाटेपर्यंत सगळे 31 मार्चच लिहीत असतात, शिपाई चहा आणतो तोही 31 मार्चचा. एक कारकून उभ्या उभ्या झोपला होता आणि झोपेत शिक्का मारल्यासारखा हात हलवत होता. माझ्या ज्या नाटकाचं तू कौतुक करतेस, त्याचा दुसरा अंक तिथला आहे. दिल्लीत मला हारतुरे मिळाले असते. हा अंक मिळाला नसता. माझ्याबरोबरचा एक जण तेव्हाच नोकरी सोडून मुंबईला गेला, मालिका लिहितो, बंगला आहे. भेटला की म्हणतो, “सुटलास लेका, तू तुझं लिहिलंस.” मी काही बोलत नाही. तो खरं बोलतो की मला बरं वाटावं म्हणून, देव जाणे.

म्हणून सांगतो, नोकरी सोडू नकोस. साहेब छळत असेल, पगार वेळेवर नसेल, तब्येत बिघडत असेल, तर सोड, त्याला माझी काय हरकत? पण नाटकासाठी सोडतेय असं मला सांगू नकोस. नाटक तुझ्या शिफ्टमध्येच आहे.

राजीनाम्याचा मसुदा परत पाठवतोय. दुसऱ्या परिच्छेदातलं ‘वैयक्तिक कारणास्तव’ हे एखाद्या पात्राच्या तोंडी घाल, फार सुंदर जाईल. त्या फेल गेलेल्या नमुन्याची पहिली पाच पानं लिही आणि रविवारी तालमीला घेऊन ये. पोरं वाचतील, तू नुसती ऐकत बस. सेकंड शिफ्ट असेल तर आधी कळव, वेळ बदलू.

आणि लिफ्टचीच एकांकिका स्पर्धेला पाठवायची असेल तर खुशाल पाठव. फक्त मला पहिल्या रांगेचा पास देऊ नकोस, मागच्या दाराजवळचा दे.

तुझा,
काका