घरात कौटुंबिक प्रार्थना सुरू करताना

घरात मुलांसोबत प्रार्थना कशी सुरू करावी, हे तुम्ही दोघांनी विचारलंत याचा फार आनंद झाला. रात्री जेवणानंतर सुरुवातीला फक्त १० मिनिटं बसा, जास्त वेळ नको.

- वाचन मार्कच्या शुभवर्तमानापासून, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या जीवनकथेपासून. १६च अध्याय आहेत आणि गोष्ट भरभर पुढे सरकते. बायबलच्या पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासून, सुरुवात केलेली बरीच घरं तिसऱ्या, नियमांनी भरलेल्या लेवीय पुस्तकापाशी थांबतात.
- एक गीत, मुलांनी निवडलेलं.
- प्रार्थना लहान, घरात बोलता त्याच भाषेत.

सर्वांत जास्त चूक होते ती प्रार्थनेतून एकमेकांना सुनावण्याची. ‘प्रभू, याला अभ्यासाची बुद्धी दे’ असं मुलासमोर म्हटलंत, की त्याला ते बोलणं आपल्यासाठीच आहे हे लगेच कळतं, आणि तो प्रार्थनेलाच टाळू लागतो. रागवायचं तर वेगळं रागवा. त्या दिवशी तुमचं दोघांचं भांडण झालं असेल तर आधी मुलांदेखत एकमेकांची माफी मागा, मग पवित्र शास्त्र उघडा. मुलं क्षमा तिथेच शिकतात, माझ्या उपदेशातून नव्हे.

एखादा दिवस चुकला म्हणून तारणाबद्दल, म्हणजे पापातून सुटकेबद्दल, घाबरू नका. इफिसकरांस पत्र २:८ वाचा: तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे, आणि ते देवाचं दान आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसा.

सासूबाई अजून ख्रिस्ती विश्वासात नाहीत म्हणता. त्यांना बळेच बसवू नका. त्यांच्या गुडघेदुखीसाठी प्रार्थना करू का, एवढं मात्र प्रेमाने विचारा.

पूर्वनियोजन (कोणाचं तारण होणार हे देवाने आधीच ठरवलंय का), शेवटचा काळ (जगाचा अंत) हे प्रश्न सध्या बाजूला ठेवा. मार्क वाचून झाला की घरी या, तेव्हा बोलू.