एलटीएल स्पेकवरून दोन सर्व्हरचा कोड आपोआप: 'अशक्य' का येतं?

तुमचा प्रश्न असा की जी एलटीएल स्पेक (प्रोग्रामने वेळेनुसार कसं वागायचं याच्या अटी, लॉजिकच्या फॉर्म्युल्यात लिहिलेल्या) एका प्रोसेससाठी चालली तीच दोन प्रोसेसमध्ये वाटल्यावर स्पेकवरून आपोआप कोड काढणारं टूल अशक्य का म्हणतं. बहुतेक जण फॉर्म्युला तपासत बसतात, मी पण बसायचो, पण आधी कोणाला काय दिसतं ते बघा.

दोन आर्बिटर घ्या, म्हणजे क्लायंटच्या रिक्वेस्टला ग्रँट (परवानगी) देणाऱ्या दोन प्रोसेस, प्रत्येकाला फक्त आपल्या क्लायंटची रिक्वेस्ट दिसते आणि ती ग्रँट मिळेपर्यंत चालू राहते. अट अशी की दोघांनी एकदम ग्रँट द्यायची नाही आणि कोणी कायमचं ताटकळायचं नाही. हे जमतं, घड्याळ एकच असलं की सम टिकला (घड्याळाच्या ठोक्याला) एक ग्रँट देतो, विषम टिकला दुसरा. आता एकच अट वाढवा, एकट्याचीच रिक्वेस्ट असेल तर त्याच टिकला ग्रँट द्या. झालं, अडकलं! पलीकडे काही आलंय का ते पहिल्याला कळत नाही म्हणून त्याला ग्रँट द्यावीच लागते, दुसऱ्याचंही तेच, आणि दोन्ही रिक्वेस्ट एकदम आल्या की धडक. दोघांचं काम एकाच प्रोसेसकडे दिलं की हीच स्पेक आरामात सुटते.

एका प्रोसेसचं प्नुएली आणि रोस्नर या कॉम्प्युटर शास्त्रज्ञांनी १९८९ मध्येच दाखवलंय, उत्तर नक्की काढता येतं, वेळ डबल एक्स्पोनेन्शियल लागतो, म्हणजे स्पेकच्या लांबीच्या घातांकाचाही घातांक. १९९० मध्ये त्यांनीच दाखवलं की दोन प्रोसेसना बाहेरून वेगवेगळी माहिती येत असेल तर सगळ्या स्पेकसाठी चालेल असा अल्गोरिदमच नाही, म्हणजे मशीन वाढवून उपयोग नाही. प्रोसेस एकामागे एक पाइपलाइनमध्ये असतील तर मात्र सुटतं, फक्त गणनेचा खर्च भयानक.

मग करायचं काय, तर बाउंडेड सिंथेसिस, प्रत्येक प्रोसेसला किती स्टेट (तिच्या आतल्या वेगवेगळ्या स्थिती) ते आधी ठरवायचं, सगळं एसएमटी सॉल्व्हरला (लॉजिकच्या अटी पुऱ्या करणारं उत्तर शोधणाऱ्या प्रोग्रामला) द्यायचं, नाही मिळालं तर एक स्टेट वाढवायची. उत्तर असेल तर कधीतरी सापडतंच, नसेल तर वाढवतच राहाल, म्हणून आधी कागदावर प्रत्येक प्रोसेसचे इनपुट लिहा आणि वरच्यासारखी जोडी शोधा, दोन प्रसंग जे एका प्रोसेसला सारखेच दिसतात पण स्पेक तिच्याकडून वेगळं वागणं मागते. अशी जोडी सापडली तर दोघांमध्ये मेसेज टाका आणि 'त्याच टिकला' ऐवजी मेसेज पोचायला लागतील तेवढे टिक द्या, माझ्या बऱ्याच स्पेक एवढ्यावरच सुटल्यात.